परतीच्या बोलीवर

दोन्ही पोती माझ्याच दुकानातून गेली.
वीस-वीस किलो गुलाल, एकाच दिवशी, एकाच भावात.
एक निरगुड्यांच्या पोरांनी नेलं, रिक्षात उभं करून,
एक मंदाकिनी शेवऱ्यांच्या भाच्यानं, स्कूटरवर, पायांत धरून.
दोघांनाही मी तेच सांगितलं
जे वडील सांगायचे, दहीपुलावरच्या याच पायरीवर:
शिवण उसवली नसेल तर परत घेईन.
उसवली, तर तुमचा.

मोजणी पंचवटीत. नदीच्या पलीकडे.
तिकडून मारलेली हाक इथे ऐकू येत नाही,
सुतळी बॉम्ब येतो.
सकाळी आठपासून कान तिकडेच लावून
मी हळद-कुंकवाच्या पुड्या बांधतोय
आणि वजनात चुकतोय.

पहिल्या फेरीला निरगुडे एकशे बेचाळीसने पुढे.
पुडीच्या कागदावर लिहून ठेवलं.
दुसरीला नव्वद.
तिसरीचा आकडा कुणालाच ठाऊक नाही.
शेजारचा भांडीवाला तांबट म्हणतो, बाई पुढे गेल्या,
त्याचा मेहुणा आत आहे.
पण मेहुणा गेल्या वेळीही आत होता.
चौथीला खरंच बाई पुढे. सत्तावीस.
मग एक यंत्र उघडेना म्हणे.
चहा आला, गार झाला, पुन्हा आला.
जानेवारीतलं ऊन पायरीवरून उतरून
समोरच्या गटारीपर्यंत गेलं
तरी सत्तावीसच.

मी कुणाला मत दिलं ते विचारू नका.
दोघांना उधारीवर माल दिलेल्या माणसाला
जे हवं असतं
त्याचं बटण नसतं.

शेवटच्या फेरीआधी गाडगे महाराज पुलाकडून
एक बॉम्ब वाजला. एकच.
तांबट उभा राहिला. माझ्या हातात पुडी तशीच.
मग काहीच नाही.
कुणीतरी घाई केली होती.

फेरमोजणी.
दिवे लागले. थंडी मेनरोडवरून आत शिरली.
आणि मग पलीकडून असा काही आवाज उठला
की तांबटाचे डबे फळीवर किणकिणले.
निरगुडे. अकरा मतांनी.

अकरा.
एकट्या तांबटाच्या घरात तेरा मतं आहेत.
तो काही बोलला नाही, दुकान आवरू लागला.

रात्री नऊला, शटर अर्धं ओढलेलं,
बाई स्वतः आल्या. भाचा मागे, पोतं त्याच्या खांद्यावर.
तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सुया टोचलेला हात
पोत्यावर ठेवून म्हणाल्या,
कोठावदे, बघून घ्या.

बघितलं. शिवण जागेवर.
फक्त डाव्या कोपऱ्यात एक टाका सैल
आणि त्याभोवती बोटाएवढा गुलाल.
चौथ्या फेरीचा असणार.
भाच्यानं हात खिशात घातला.
बाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.
जेवढा कमी भरेल तेवढा कापा, म्हणाल्या.

पोतं काट्यावर ठेवलं.
वडिलांचा काटा, लगेच थांबत नाही,
विसाच्या अलीकडे, पलीकडे, पुन्हा अलीकडे.
आम्ही तिघंही बघत राहिलो.

वीस, मी म्हणालो, तो हलत असतानाच.
असू दे, रंगपंचमीला रहाडी उघडल्या की खपेल.

बाई उतरल्या.
पायरीवर कुणाच्या तरी चपलेचा
ताजा लाल ठसा पडला होता.
त्याला वळसा घालून,
साडी जरा उचलून.