शेऱ्याचा रकाना

व्हर्लिन होगस्टॅडने टेबलावर ठेवली
आइस्क्रीमची बादली, वर व्हॅनिला लिहिलेली.
आत कानांतले बिल्ले. पिवळे. चौऱ्याहत्तर.
काहींना केस चिकटलेले.
"मोजून घे," म्हणाला, आणि टोपी काढून
खिडकीकडे बघत बसला.

वादळ आलं तेव्हा आमचं ऑफिस बंद होतं.
वॉशिंग्टनमध्ये कुणाचं कुणाशी पटलं नव्हतं,
म्हणून इथे साउथ डकोटात दाराला कागद:
पुढील सूचनेपर्यंत.
ऑक्टोबरचा पहिला आठवडा. जनावरं अजून उन्हाळी कुरणात,
अंगावर थंडीची लव यायची होती.
आधी पाऊस, मग बर्फ, मग वारा.
वाऱ्याकडे पाठ करून ती चालत राहिली
(जनावराला तेवढंच सुचतं)
बर्फात बुडालेल्या तारेवरून
थेट ओढ्यात.

दार उघडलं, आणि मी रकाने भरायला बसले.
प्रकार: मांसासाठी.
वजन: चारशे पौंडांच्या वर की खाली.
बस. दोनच घरं.

मिरजेच्या कचेरीत माझे वडील पंचनामे लिहायचे.
म्हैस, रंग काळा, शिंगे मागे वळलेली,
चौथ्या वेताची, दुभती, वीज पडून मयत.
खाली चार सह्या, एक अंगठा.
रात्री जेवताना कधी म्हणायचे,
आजची फार देखणी होती.

इथेही पंच लागतो, कुटुंबाबाहेरचा.
शेजारचा डेलबर्ट क्रॉयट्सर येऊन सही करून गेला,
जाताना त्याच्या कागदावर व्हर्लिनने केली.
पेन एकच. बोलले नाहीत.

"ही दोनशे बारा," व्हर्लिनने एक बिल्ला उचलला.
"मार्चमध्ये व्यायची होती. बहुतेक सगळ्याच."
मी स्क्रीन वर नेली, खाली आणली.
कालवड, पहिलारू, भाकड, गाभण,
एवढे शब्द तोंडात, आणि घरं दोन.
"पोटातलं धरत नाहीत," मी म्हटलं.
आवाज अगदी कचेरीतला आला, माझाच.
त्याने मान हलवली, जणू हवामान ऐकलं.

शेऱ्याच्या रकान्यात मी टाइप केलं: गाभण.
मराठीतच. का, ते विचारू नका.
कॉम्प्युटरने चार चौकोन दाखवले, रिकामे.
मी ते पुसले नाहीत.

अकरा तर सापडल्याच नव्हत्या.
त्यांचं शपथपत्र वेगळं.

पैसे आले तेव्हा नवं गवत गुडघ्याला लागत होतं.
बाजारभावाच्या पाऊण.
खड्डे खणणाऱ्याचं बिल त्यातच गेलं म्हणे.

जूनमध्ये तो पुन्हा आला. बादली नव्हती, चेकबुक होतं.
अकरांतली एक, तीनशे सहा,
वीस मैलांवर परक्या कळपात हिवाळा काढून
मिळाली होती.
"कानाची टोकं गेली गारठ्याने. बाकी धडधाकट.
एका गाईचे परत घ्या."

परत आलेल्या गाईसाठी फॉर्म नाही.
जॅनेलने वरच्या ऑफिसला फोन लावला,
तिकडे कुणी हसलं, मग म्हणालं, खरंच?
तासाभराने एक पावती निघाली:
जादा दिलेली रक्कम.

चेक लिहिता लिहिता, वर न बघता, तो म्हणाला,
"पाडी झालीय तिला. पांढऱ्या तोंडाची.
ती कशात धरायची?"
"कशातच नाही.
जिचे दिलेच नाहीत, ते परत कसे घेणार?"

तो हसला. एक दात सोन्याचा निघाला,
इतक्या महिन्यांत मला दिसला नव्हता.
मग खिशातून घडी घातलेली प्रत काढली,
बोट ठेवलं चार चौकोनांवर.
"हे काय होतं?"

सांगितलं.
त्याने दोनदा म्हणून पाहिलं,
गा-बन, गा-बॅन,
तोंडात गवताची काडी फिरवावी तसं.

"जवळपास," मी म्हटलं.