एकोणीस गुण

जामसंड्याच्या शाळेत, आवाज करणाऱ्या पंख्याखाली
त्रेसष्ट निबंध. विषय : माझे गाव, माझा समुद्र.
स्थलांतरित व अल्पसंख्याक मुलांसाठी,
असं पत्रकावर. पत्रक गुळगुळीत.

बहुतेकांचा समुद्र निळाशार, अथांग,
एकाच फळ्यावरून उतरलेला.
मी तांबड्या पेनाने खुणा करत गेले. चहा निवला.

चौतिसावा उघडला :
'माझ्या गावाला समुद्र नाही.'

धनसरा बोहरा. सातवी. मूळ गाव अछाम, नेपाळ.
'तिथे नदी आहे. तिचे पानी खाली खाली जाते.
बाबा म्हणतात, आपल्याआधी तेच इथे पोचले.'
(भूगोल चुकला. ती नदी बंगालच्या उपसागराला मिळते.
मी भूगोलच शिकवते. खाडाखोड केली नाही.)

'बाबा हापूसच्या बागेत राखण करतात.
दिवसा वांदर, रात्री बॅटरी.
सगळे त्यांना बहादूर म्हणतात.
त्यांचे नाव डंबर आहे.'

समुद्र येतो तो शेवटी, घाईत, समासात शिरून :
'पहिल्यांदा बघितला तेव्हा वाटले
कोणी डोंगर आडवे निजवलेत
आणि त्यांना झोप येत नाही.'

'पानी'तल्या न-भोवती मी गोल केला.
एक गुण कापला. नियम आहे.
एकोणीस. तरी पहिली.

पहिलीला दहावीपर्यंतची फी.
सोबत जोडावा : पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला.
मुलगी बारा वर्षांची.

परब क्लार्क म्हणाला, 'बाई, ह्या पोरीचो दाखलो खंय?
दुसऱ्या नंबराक देऊया.'
दुसरा अनस सारंग, विजयदुर्गचा.
बापाच्या जाळ्यात सापडलेल्या कासवावर
दोन पानं, एकही चूक नाही.
त्याचीही फी थकलीय. मला ठाऊक आहे.

दाखल्याच्या जागी तिने टाचणीने लावलं होतं
आंब्याच्या पेटीवरचं लेबल.
बागेचं नाव, देवगड, पिनकोड, अस्सल असल्याचा शिक्का.
खाली पेन्सिलीने :
'बाबांनी सांगितले, ह्याच्यावर पत्ता आहे.'

परब हसला. मग हसायचा थांबला.

सही अनसच्या कागदावर झाली. माझीच.

मग उगाच तो गोल पुसायला गेले.
शाई वाळलेली. रबराने कागद तेवढा फाटला.
न तसाच राहिला, तांबड्या गोलाच्या आत,
परक्याच्या गडग्याआड
रात्रभर कोणी बॅटरी घेऊन उभं असावं तसा.