दोन घास

लिएपायाच्या बंदरामागे, चौथ्या मजल्यावर
स्काइद्रीते वानागाचं स्वयंपाकघर.
टेबलाखाली पत्र्याचा उभा संगणक, वीस वर्षांचा,
बंद पडलेल्या एका छापखान्यातून
दोन पोती बटाट्यांच्या बदल्यात आणलेला.
त्याच्या पाठीतून गरम वारा येतो,
तिथे राईच्या पिठाचं घमेलं, ओल्या फडक्याखाली.
मोठं पॅकेज बिल्डला लागलं की पीठ झकास फुगतं;
छोट्यावर पाव दडस होतो.

आज सकाळी सातला लावलेलं
दुपारी तीनला मोडलं.
एक्क्याण्णव टक्क्यांवर.
पडद्यावर लाल ओळ, तिच्याखाली
चारशे ओळींचा कांगावा.
तो ती वाचत नाही. तीस वर्षं कारखान्यात
तिनं विणकामाची यंत्रं दुरुस्त केली;
भोक दिसतं खाली,
धागा तुटलेला असतो बराच वर.
ती वर जाते. आणखी वर.
पहिली तक्रार सापडते, साधी, जवळजवळ लाजरी:
आठ बाइटची बेरीज एका दमात कर म्हणता,
ते मला येत नाही.

खरंच आहे. बत्तीस बिटांचं तोंड ते.
आठ बाइट एका घासात मावत नाहीत.
चार, मग चार.
आणि दोन घासांच्या मधे
दुसऱ्याच कुणी ताटात हात घातला तर?
त्यासाठी एक लायब्ररी असते, राखणीला बसणारी,
घास पुरा होईस्तोवर कुणाला शिवू देत नाही.
ती फक्त जोडायची राहिली होती.
लिंकरच्या ओळीत एक शब्द.
नव्या यंत्रांना लागत नाही,
म्हणून कुणी लिहिला नव्हता.

बिल्ड झालं. चाचणी मात्र हरली:
पंचवीस मागितले, भलतंच अगडबंब काही आलं.
हा दुसरा आजार, ओळखीचा.
आपण पंचवीस म्हणतो, आधी पाच, मग वीस,
धाकटं पुढे, थोरलं मागे;
बाजारातली नवी यंत्रं बहुतेक अशीच आकडे मांडतात.
स्काइद्रीतेच्या भाषेत आधी वीस, मग पाच,
आणि तिच्या यंत्रातही थोरलाच पुढे.
दोघांचंही बरोबर.
फक्त लिहिणाऱ्यानं धरून चाललेलं
की जगात रीत एकच.

दुरुस्तीच्या अकरा ओळी तिनं
ट्रॉन्डहाइमला पाठवल्या, एस्किल हाउग्लान या पोराला;
पॅकेज त्याच्या ताब्यात.
उत्तर आलं. उद्धट नाही, थकलेलं:
असं यंत्र माझ्याकडे नाही, तपासू कशावर?
आणि हे आता वापरतं तरी कोण?

तिनं लिहिलं: मी.
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
होक्काइदोत आणखी एक जण आहे म्हणतात,
पण त्याची खात्री नाही, म्हणून तो नाही लिहिला.
मग यंत्राची किल्ली जोडली, आणि खाली:
रात्री ये. दिवसा मी भट्टी लावते, फ्यूज जातो.

रात्री दोन वाजता
टेबलाखालचे पंखे एकदम चढले.
घरात कुणी आलं की कळतं, तसं तिला कळलं.
दिवा न लावता ती स्वयंपाकघरात गेली,
भिंतीला टेकून सूर ऐकत राहिली.
थोडा उतरला. पुन्हा चढला.
आता पोरगं त्या दोन घासांपाशी पोचलं असेल.

उद्याचं पीठ तिनं आत्ताच मळायला घेतलं,
ऊब फुकट कशाला घालवा.
शहाजिरं अंधारात
हाताला आलं तेवढं.