पाटी

कमिटीची माणसं सकाळीच आली.
चौकाला नाव द्यायचंय म्हणाली.
चार बाय सहाचा पत्रा, निळ्यावर पांढरं:
'कै. पदाजी हाशा घरत चौक,
खारकोंडगाव, नवी मुंबई'
आणि खाली बारीक अक्षरांत, 'गावाचा आधारवड'.
मी म्हटलं, आधारवडाचे वेगळे पैसे.
ती हसली. मी नव्हतो हसलो.

पदाजी शिट्टी वाजवायचा.
पोलिसाची, पितळी, गळ्यात काळ्या दोऱ्याला.
एक शिट्टी म्हणजे गावकी जमा.
दोन म्हणजे आज खाडीत जाळी टाकायची नाहीत.
तीन मी एकदाच ऐकल्या,
आमच्या दारात.

आईनं केलं काय होतं?
मिठागराच्या पैशांचा हिशोब मागितला होता,
देवळात, उभं राहून.

सात वर्षं.
दुकानात मीठ नाही, चक्कीवर दळण नाही.
माझ्याशी गोट्या खेळला एक पोरगा,
त्याच्या बापाला एकावन्न रुपये दंड.
बाबा गेले तेव्हा खांदा द्यायला
तुर्भ्याच्या मार्केटातून चौघं माथाडी आले, घाटावरचे,
पोती उतरवून तसेच,
सदऱ्यांना कांद्याची सालं चिकटलेली.
पदाजी ओट्यावर बसून बघत होता.
शिट्टी त्यानं तोंडाला लावली नाही.
एवढं मी त्याच्या बाजूनं सांगेन.

आणि हेही सांगावं लागेल:
सिडकोचा बुलडोझर आला त्या दुपारी
कमरेचा रुमाल आवळून
चिखलात आडवा झाला तो एकटा.
बाकीचे मागून आले, बऱ्याच वेळानं.
लाठीत चार दात गेले त्याचे.
पुढं साडेबारा टक्क्यांचे प्लॉट मिळाले,
त्या यादीतून आमचं नाव त्यानं खोडलं नव्हतं.
का, ते कुणालाच माहीत नाही.
ज्या तीन मजली घराच्या अंगणात मी हा पत्रा घासतोय
ते त्या चार दातांवर उभं आहे.

त्याला उतरवलं बायकांनी.
गावदेवीच्या जत्रेच्या आदल्या रात्री
बाजारातून परतल्या त्या तशाच देवळात शिरल्या,
डोक्यावर मासळीच्या रिकाम्या पाट्या.
जोमी कडूनं हात पुढं केला. शिट्टी.
एवढंच.
त्यानं आजूबाजूला पाहिलं,
तरणी पोरं मोबाईलमध्ये बघत होती.
मानेतून काढताना दोरा कानाला अडकला,
कुणी सोडवला नाही.

मग अकरा वर्षं मुलीकडं,
सेक्टर नऊ, सातवा मजला.
लिफ्टमनला रोज आपलं नाव सांगायचा, बापाच्या नावासकट.
संध्याकाळी गॅलरीतून गावाचे दिवे मोजायचा
असं नात सांगते.
पुतण्या म्हणतो, साफ खोटं,
मोतीबिंदू होता, समोरचा रस्ता दिसत नव्हता म्हाताऱ्याला.

पाटी लागली सोमवारी.
बुधवारी पहाटे कुणीतरी डांबर फासलं.
कमिटी आली, मी पुन्हा रंगवली.
पुन्हा डांबर, या वेळी फक्त 'आधारवड'वर, नेमकं,
एक अक्षर इकडं नाही की तिकडं.
हल्ली दोन्ही बाजू मला रामराम घालतात.
परवा तर डांबरवालाच
ब्रश उसना घेऊन गेला.

तिसऱ्यांदा पत्रा भिंतीला टेकवला
आणि आईला विचारलं, काय करू?
ती वलांडीवर बोंबील उलटे करत होती.
बोलली, पयले पैशे घे.
मग बऱ्याच वेळानं, पत्र्याकडं एकदाच बघून:
घरतचा र वाकडा आलाय.
नीट काढ.