सत्तावीस जास्त

काउंटरवरच्या पोरानं बोर्ड उलटा केला,
पोटावरचं लेबल वाचलं, मोबाईलवर गुणाकार केला.
छत्तीस व्होल्ट गुणिले पाच पूर्णांक दोन.
एकशे सत्त्याऐंशी.
"एकशे साठच्या वर नाही जात, मॅडम.
सामानात नाही, हातात नाही, कशातच नाही."

हे उत्पलानं मला नंतर सांगितलं.
मी सोनेगावच्या काचेच्या दाराबाहेर
तिकीट नसलेल्या माणसांत उभा होतो,
पोरगी दिसेनाशी झाल्यावरही
हात थोडा वरच ठेवून.

ती परत आली तेव्हा वाटलं, काही विसरली.
बोर्ड काखेत, चेहरा लाल,
थोडा मे महिन्यानं, थोडा रागानं.
"बाबा, बॅटरी काढून द्या. काउंटर बंद होऊन राहिलं."

एकतीस वर्षं कोराडीला काढली मी.
दोनशे दहा मेगावॉटचा संच
कितीदा या हातांनी ग्रिडवर चढवला.
वॉट कधी एकेकटा भेटलाच नाही मला,
यायचा तो लाखांच्या जमावानं,
कानठळ्या बसवत, अंगावर राख घेऊन.
आज सुटा भेटला. मोजून.

निवृत्तीला चार वर्षं झाली, तरी खिशात स्क्रू ड्रायव्हर असतोच.
ट्रॉलीवर बोर्ड पालथा टाकला.
आठ स्क्रू.
दारावरचा जवान आधी "इधर नहीं, इधर नहीं" म्हणाला,
मग बंदूक सावरत वाकून पाहू लागला,
पाचवा स्क्रू ट्रॉलीखाली घरंगळला
तो त्यानंच शोधून दिला.

चाकांत फुटाळ्याची माती होती अजून.
तिथल्या पोहेवाल्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं
तेव्हा तर्री प्लेटीबाहेर सांडली होती.
"पाय न हलवता जाऊन राहिली ना बाप्पा पोरगी!"
आणि मी मागून स्कूटरवर,
भर उजेडात हेडलाइट लावून,
तिला नको असलेला.

वायरची क्लिप निघाली. बॅटरी माझ्या हातात आली,
उन्हात ठेवलेल्या विटेएवढी गरम.
तिच्या हातात फळी राहिली, चार चाकांची.
"चार्जरही ठेवा," म्हणाली.
पाया पडायचं राहून गेलं. बरं झालं,
दोघांचेही हात भरलेले होते.

छत्रपती चौकाच्या सिग्नलला हिशेब केला.
जास्तीचे सत्तावीस.
म्हणजे नऊ वॉटचा दिवा, तीन तास.
बारावीला ती अकरानंतर
जेवढी जागायची, तेवढंच.
विमानाला ते जड झालं.
राग नाही. आग मला माहीत आहे,
आम्ही तर कोळशाच्या ढिगावरही पाणी मारत राहायचो,
आतल्या आत पेटू नये म्हणून.

आता बंगळुरात ती पायानं ढकलून चालवते,
चढ आला की काखेत घेते.
इथे बॅटरी टीव्हीशेजारच्या फळीवर असते,
खाली सुती फडकं.
महिन्यातून एकदा चार्जर लावतो,
समोर खुर्ची घेऊन बसतो.
चारपैकी दोन ठिपके हिरवे झाले की काढायचं,
पूर्ण भरून ठेवली तर लवकर म्हातारी होते,
हे तिनंच शिकवलं.
"किती आहे?" ती फोनवर विचारते.
"दोन," मी म्हणतो.
"आणि तुम्ही?"
"मीही दोनच."

कोणी गाडीनं येणारं असलं तर पाठवा, म्हणाली होती.
परवा शेजारचे खोब्रागडे
संघमित्रा एक्सप्रेसनं बंगळूरलाच गेले, लेकाकडे.
स्टेशनवर सोडायला मीच गेलो होतो.
बॅग उचलून दिली, खिडकी मिळाली का पाहिलं,
पाण्याची बाटली भरून आणली.
बाकी काही बोललो नाही.