हयातीचा दाखला

कादंबरी वाचनालयाची.
आत कुणाच्या तरी डब्यातल्या तेलाचा डाग,
शेवटचा शिक्का चार वर्षांपूर्वीचा.
बेळगावहून बेकिनकेऱ्याला जाणाऱ्या बसमध्ये उघडली,
हिंडलग्याच्या पुढे बस रिकामी होते
नि बसायला जागा मिळते, तिथून.

तिच्यातला हवालदार लढाईहून परततो,
रात्री किंचाळत उठतो, बायकोचं मनगट धरतो,
नदीकाठी उभा राहून मरणाबद्दल बोलतो.
फार छान बोलतो.
दोनशे बाराव्या पानावर तर सलग दीड पान.

मला राग आला.
इतकं बोलता येत असतं तर
आमच्या बाला बांधाचं भांडण
निंगाप्पाशी अठरा वर्षं
नुसतं खाकरून चालवावं लागलं नसतं.

बा कधी किंचाळला नाही.
तीनच्या सुमाराला उठायचा,
घोंगड्याची घडी घालायचा, कोपऱ्याला कोपरा लावून,
मग सोप्यात जाऊन रताळ्यांची पोती मोजायचा.
मोजलेलीच पोती.
आई आतून विचारायची, किती भरली?
तो म्हणायचा, हैत सगळी.
लहानपणी मला वाटायचं
आमच्याकडं चोर येत असावेत.

बर्फ चांगला लिहिलाय लेखकानं,
खरंच चांगला, बुटाखाली तो कसा कुरकुरतो ते.
बोटांचं मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसावं.

दर नोव्हेंबरात कॅम्पातल्या बँकेत
बा जिवंत आहे हे दाखवायला आम्ही जायचो.
इस्त्रीचा शर्ट. टोपी. कागद साखरेच्या पिशवीत.
अंगठा ठेवायचा, यंत्राला पटायचं नाही.
बर्फानं खाल्लेल्या टोकांवर
रेघ म्हणून उरलीच नव्हती.
काउंटरवरची पोरगी हळू म्हणायची,
इन्नोम्मे ओत्तरी, अज्जार.
बा पुन्हा दाबायचा. मग तर्जनी. मग मधलं बोट.
मागं रांग, सगळे फौजीच,
कुणी घड्याळ बघायचं नाही.
शेवटी डोळ्यांच्या यंत्रापुढं बसवायची,
पापणी न हलवता समोर बघा म्हणायची.
ते मात्र त्याला
पहिल्या खेपेला जमायचं.

तीनशे चाळीसाव्या पानावर एक बारकी ओळ आहे.
लेखकानं ती जाता जाता लिहिली असेल.
हवालदार चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसतो
आणि पीत नाही.
बस्स. पुढे लगेच मुलीच्या लग्नाची बोलणी.

माझा स्टॉप गेला.
कंडक्टरनं तिठ्यावर उतरवलं, वर दोन शब्द सुनावले,
काजूच्या बागेकडेनं दीड मैल मागं चालत आले.
वाटेत त्या कपाचा विचार केला
आणि आईनं शेवटपर्यंत बाला बशी का दिली नाही
याचाही.

घरी येऊन दोनशे बारावं पान पुन्हा वाचलं.
अजूनही वाईटच आहे.
पुस्तक परत करताना ग्रंथपाल म्हणाले, कशी वाटली?
म्हटलं, लांबलीय.
आणि आणखी पंधरा दिवसांचा शिक्का मारून घेतला.

आता नोव्हेंबरात आईला घेऊन जाते.
अर्ध्या पेन्शनला ती अजून
'ह्यांचा पगार' म्हणते.
चुलीनं, विळ्यानं घासलेला तिचा अंगठा
यंत्राला एका दमात पटतो.
ती हात तसाच ठेवून बसते.
झालं? म्हणते.
एवढंच असतंय?