नक्कल

मारेगावच्या कोर्टात मी अकरा वर्षं टाइप करते.
साहेब सांगतात, मी उमटवते.
लोक वऱ्हाडीत रडतात,
कागदावर ते प्रमाण मराठीत कोरडं उतरतं.

गोकर्णा शेषराव तुरणकर, वय चौतीस,
धंदा मजुरी, राहणार कोसारा.
पिंजऱ्यात चढताना तिनं चप्पल खाली काढून ठेवली.
शिपाई म्हणाला, राहू दे बाई, हे देऊळ नाही.
तिनं तरी काढलीच.

पोटगीचा अर्ज. तीन वर्षं जुना.
नवऱ्यानं वणीहून दुसरी आणून घरात बसवली,
त्याची एक ओळ, परिच्छेद चार.
त्याच्या वकिलानं ती ओळ चिखल ओलांडावा तशी ओलांडली
आणि लटारी वायरमनवर आला.

त्याची मोटरसायकल अंगणात किती वेळा दिसली?
रात्री की दिवसा?
शेजारीण मोजूनच आली होती : चौदा वेळा.

तुमचे त्याच्याशी संबंध होते का?
"संबंध म्हंजे?"
हो की नाही, तेवढं सांगा.
"मले ताप व्हता. आठ दिवस.
थो मीटर पाहाले आला, त्यानं चहा मांडला.
गुंडभर पानी आनलं.
मंग येत रायला. जिव्हाळा व्हता, साहेब."

साहेबांनी पंख्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
लिहा : हे म्हणणे खरे आहे की,
लटारी याच्याशी माझे संबंध होते.

माझं बोट 'जि'वर पडलं होतं.
पुसला. 'सं' लिहिला.
कोणाला दिसलं नाही.

मग कायद्याची बारीक चाळणी.
व्यभिचारात राहणारी बायको पोटगीला मुकते.
राहणारी.
त्या एका शब्दावर दोन वकील सव्वा तास भांडले.
राहणं म्हणजे किती? चौदा म्हणजे राहणं का?
खोली भाड्यानं घेणं, की गारपिटीत कोणाच्या छपराखाली थांबणं?
नवऱ्याच्या राहण्याचा हिशेब कोणी मागितला नाही.
वणीवालीसोबत आठ वर्षं, दोन लेकरं,
त्यानं फार तर बायकोला वेगळं राहायची मुभा मिळते.

वकील म्हणाला, कापूस वेचते,
किलोमागे दहा रुपये, दिवसाला चाळीस किलो. कमावते.
"तुमी वेचून पाहा ना बाप्पा, चाळीस."
साहेब हसले.
हसणं टाइप करायचं नसतं,
म्हणून ते वाक्यही राहिलं.

निकाल फाल्गुनात लागला.
दरमहा अठराशे, अर्जाच्या तारखेपासून.
नक्कल घ्यायला ती एकटीच आली,
म्हणाली, वाचून दाखव.

मी वाचलं : अर्जदाराकडून चूक झाली असली, तरी
क्वचित घडलेली चूक म्हणजे व्यभिचारात राहणे नव्हे...

"थांब. चूक कोन म्हनलं?"
साहेब.
"मी त नाई म्हनलं."
नाही.
"मंग माह्या नावाखाली काहून लिवलं?"

मी म्हटलं, बाई, त्याच शब्दावर तर अठराशे मिळाले.
तिनं कागद उलटा केला, सुलटा केला,
जणू मागून तो शब्द खरवडता येईल.

"आता येत नाई थो," ती म्हणाली.
"मीच सांगतलं, येऊ नको.
पंधरावी खेप झाली
तं राहनं होईन."

नक्कल फी चोवीस रुपये.
प्लास्टिकच्या पिशवीतून तिनं सुटे काढले,
मोजले,
माझ्यासमोर ठेवले,
आणि पुन्हा उचलून मोजले.